बहात्तर तासांची चाचणी

वैजयंता गेली हे विश्वनाथ मुसळेला फोनवर कळलं. फाल्गुनातली सकाळ होती, पावणेअकराचा सुमार. बाहेरच्या खोलीत तो कॉम्प्युटरच्या पंख्याची जाळी जुन्या ब्रशने साफ करत बसला होता. नऊच्या आसपास कॉम्प्युटर आपोआप बंद पडला होता आणि आपोआप पुन्हा सुरूही झाला होता. व्होल्टेज गेलं असेल, नाहीतर जाळीत धूळ बसली असेल, असं म्हणून त्याने ब्रश हातात घेतला होता. तेवढ्यात निपाणीहून मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, निघा तुम्ही," राजशेखर म्हणाला.

"काय झालं?"

"निघा आधी."

विश्वनाथने ब्रश खाली ठेवला. मग राजशेखरनेच सांगितलं, "ताई गेली."

चपला घालताना सवयीने त्याची नजर स्क्रीनकडे गेली. तिथे पिवळ्या चौकटीत एक ओळ आली होती : नाडी मिळत नाही, दंडावरची पट्टी सुटली आहे का ते पाहा. दर मिनिटाला तीच ओळ खाली नव्याने उमटत होती. यंत्राला तेवढंच समजत होतं. विश्वनाथने स्क्रीन मालवली आणि निपाणीची गाडी धरली.

भाचीच्या साखरपुड्यासाठी वैजयंता चार दिवस माहेरी गेली होती. तिसऱ्या दिवशी हे झालं. निपाणीच्या डॉक्टरांनी हृदय थांबलं एवढंच लिहून दिलं. तिचं हृदय दुबळं आहे हे सगळ्यांना चार वर्षं माहीत होतं, त्यामुळे कुणी जास्त विचारलं नाही. आलेले लोक म्हणाले, त्रास न होता गेली. विश्वनाथने मान हलवली.

इचलकरंजीत विश्वनाथला जॉबर म्हणूनच ओळखत. यंत्रमागाच्या कारखान्यात माग बिघडला की तो नीट करणारा माणूस म्हणजे जॉबर. पस्तीस वर्षं त्याने ते काम केलं. आवाजावरून तो सांगायचा, धोटा घासतोय की फणी वाकडी झालीय. पुढे जुने माग भंगारात गेले, नवे माग कॉम्प्युटरवर चालायला लागले, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी त्याने कॉम्प्युटर उघडून बघायला सुरुवात केली. त्याला ते मागापेक्षा सोपं वाटलं. त्यात तेल घालावं लागत नव्हतं.

वैजयंताचा आजार आला तेव्हा ही विद्या घरात उपयोगी पडली. तिच्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढा पंप बसवला होता. त्यातून तीन औषधं थेंबाथेंबाने रक्तात जात. अडचण अशी, की किती औषध द्यायचं याचं माप तासातासाला बदलतं. ऊन वाढलं, जेवणात मीठ जास्त झालं, झोप कमी झाली, तरी बदलतं. एक औषध दुसऱ्याचं बळ वाढवतं, तिसरं दोघांचं कमी करतं. कुठल्याही डॉक्टरला हा हिशोब बसून करता येणार नाही. म्हणून रोग्याच्या शरीराची कॉम्प्युटरमध्ये एक प्रत करून ठेवतात. तिला देहप्रत म्हणतात. दंडावरच्या पट्टीतून नाडी, रक्तदाब आणि रक्तातले क्षार यांचे आकडे, माणूस कुठेही असला तरी, दर मिनिटाला नेटवर्कवरून येतात. देहप्रत ते घेते आणि पुढचे सहा तास निरनिराळ्या मात्रांवर आधी स्वतः जगून बघते. ज्या मात्रेवर तिचे सहा तास सुखरूप जातात, ती मात्रा पंपाला कळवली जाते.

हॉस्पिटलच्या मोठ्या यंत्रावर हे काम होतं, पण तिथे शेकडो रोगी असतात आणि एकेकाची पाळी चाळीस मिनिटांनी येते. घरी स्वतःचं यंत्र असलं तर दर मिनिटाला उत्तर मिळतं. माणूस मग प्रवास करू शकतो, जिना चढू शकतो, साखरपुड्याला जाऊ शकतो. घरच्या यंत्राला परवानगी मिळायला एकच अट होती. ते पूर्ण भाराखाली बहात्तर तास सलग चाललं पाहिजे. एकदाही बंद पडता कामा नये, एकही आकडा चुकता कामा नये.

विश्वनाथने दोन यंत्रं जोडली होती. एक वैजयंतासाठी आणि दुसरं यासीन शिकलगारसाठी, ज्याच्या कारखान्यात त्याने आयुष्य काढलं होतं. यासीनशेठलाही तसाच पंप होता. दोन्ही यंत्रं पहिल्याच चाचणीत पास झाली होती.

वैजयंताचे दिवस झाल्यावर हॉस्पिटलच्या यंत्रविभागातल्या अवटी मॅडमचा फोन आला. त्या वयाने विश्वनाथच्या निम्म्या असतील. आधी त्यांनी जेवणखाण विचारलं, मग अवघडत कामाचं बोलल्या. हुपरीची एक बाई घरच्या यंत्रासाठी सहा महिने थांबली आहे, तुमचं यंत्र तिला देता येईल का. विश्वनाथ लगेच हो म्हणाला. वैजयंता असती तर तीही हो म्हणाली असती, आणि वर, पुसून द्या, असं सांगितलं असतं.

नियम असा, की यंत्र दुसऱ्याला देताना बहात्तर तासांची चाचणी नव्याने करायची. वैजयंताची देहप्रत त्याने एका लहान डिस्कवर काढून कपाटात ठेवली आणि सोमवारी सकाळी चाचणी लावली. मंगळवारी दुपारी तो जेवायला बसला असताना यंत्र बंद पडलं आणि आपोआप पुन्हा सुरू झालं. एकोणतीस तास झाले होते.

त्याने घास खाली ठेवला.

त्याला आठवलं, हे पहिल्यांदा होत नव्हतं. माघात दोनदा झालं होतं. त्यातलं एक महाशिवरात्रीच्या दिवशी. आणि एकदा त्या सकाळी, नऊ वाजता. प्रत्येक वेळी यंत्र स्वतःच उठून कामाला लागलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याने कारखान्यातल्यासारखंच केलं होतं. तिथे माग थांबला की जॉबरचा हात आधी चालू करायच्या दांडीकडे जातो. माग चालू झाला तर पुढच्या मागाकडे वळायचं. दिवसभरात शंभर वेळा थांबणाऱ्या यंत्राला, का थांबलास, असं प्रत्येक वेळी कोण विचारतो?

आता त्याने विचारायला सुरुवात केली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा जॉबरकीतला पहिला धडा. दोन गोष्टी बदलल्या आणि माग सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही. पहिल्यांदा त्याने वीज बदलली. स्टॅबिलायझर लावला, चाचणी पुन्हा सुरू केली, बावीस तासांनी यंत्र पडलं. मग नवा पंखा लावला. उन्हाळा वाढत होता म्हणून खिडकीला ओला पडदा बांधला. एकतीस तासांनी पडलं. मग वीजपुरवठ्याचा डबा बदलला. तरी पडलं. एकेका चाचणीत दोन-दोन दिवस जात होते आणि त्याला घाई नव्हती. शेजारच्या काकू डबा आणून द्यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, अजून आजारीच का हो ते. तो म्हणायचा, व्हय, ताप उतरत नाही.

शेवटी उरली मेमरी. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे अब्जावधी बारीक घरं. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. देहप्रतीचं सगळं जगणं त्याच घरांत चालतं. मेमरी तपासायची रीत सरळ आहे. प्रत्येक घरात ठरलेला आकडा लिहायचा आणि थोड्या वेळाने वाचायचा. लिहिलं तेच वाचलं गेलं, तर घर चांगलं. त्याने रात्रभर ती तपासणी लावली. सकाळी निकाल आला, शून्य चुका.

दुसऱ्या कुणी तिथेच सोडून दिलं असतं. पण रिकाम्या मागावर धागा तुटत नाही, हे विश्वनाथला माहीत होतं. ताणा, म्हणजे उभे धागे, चढवून, पूर्ण वेगात, दुपारच्या उकाड्यात माग चालवला तरच खोड दिसते. त्याने यंत्रावर एक बनावट देहप्रत चढवली, हॉस्पिटल देतं तशी नमुन्याची, आणि ती चालू असतानाच मेमरी तपासायला लावली. साडेदहाला सुरू केलं. दुपारी सव्वातीनला पहिली चूक दिसली. एका घरात एक लिहिला होता, वाचताना शून्य आला. पावणेचारला दुसरी दिसली.

आणि यंत्र बंद पडलं नव्हतं. ते शांतपणे चालू होतं.

विश्वनाथ बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. यंत्र बंद पडण्याची त्याला भीती नव्हती. यंत्र गप्प झालं तर पंप शेवटची मात्रा धरून बसतो आणि काही तास काढतो, तशी सोय त्यात असते. थांबलेल्या मागाचं कापड वाया जात नाही. वाया जातं ते चुकीची वीण घालत चालू राहिलेल्या मागाचं. मेमरीतलं घर फिरलं आणि ते महत्त्वाच्या जागी असलं, तर यंत्र अडखळून पडतं. पण तेच घर रक्तातल्या क्षारांच्या आकड्यातलं असलं, तर यंत्राला पत्ताही लागत नाही. ते चुकीचा आकडा खरा धरतं, त्यावर सहा तास जगून बघतं आणि पंपाला मात्रा कळवतं.

अशा चुका जागीच पकडणारी मेमरी मिळते. यंत्र जोडताना त्याने ती मागवली होती. पाच महिने थांबावं लागेल, असं उत्तर आलं होतं. वैजयंताकडे तेव्हा पाच महिने आहेत असं कुणी म्हणत नव्हतं. साधी मेमरी नियमात बसत होती, म्हणून त्याने साधी घातली.

त्याने यंत्र बंद केलं, झाकण उघडलं, मेमरीची पट्टी खाचेतून उपसली आणि पांढऱ्या मलमलीच्या तुकड्याने तिची सोनेरी कड पुसली. कापडावर डाग उमटला. एका बाजूला पिवळट, मध्ये लाल.

त्याने कापड नाकाशी नेलं नाही. गरज नव्हती. हळदी-कुंकवाचा डाग ओळखायला इचलकरंजीच्या जॉबरला कसली परीक्षा लागते?

खंडेनवमीला कारखान्यात सगळे माग बंद ठेवतात. आदल्या दिवशी ते धुऊन पुसून, तेल देऊन लख्ख करतात आणि दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घालून पूजा करतात. पूजा जॉबरच्या हातची असते, मालक कुठल्याही धर्माचा असो. आणि ती वरवरची नसते. झाकणं काढून, जिथून चाल निघते त्या मुख्य चाकाला हळद-कुंकू लावायचं, फुलाने पाणी शिंपडायचं, अशी रीत. गेल्या खंडेनवमीला विश्वनाथने घरच्या यंत्राचीही तशीच पूजा केली. वैजयंता ताट धरून उभी होती.

"आत कशाला लावताय?" ती म्हणाली होती. "वर लावा की."

"वरचा पत्रा काय काम करतो? काम करणारं आत आहे."

"पाणी जाईल."

"चार थेंबांनी काय होतंय. मागाला काय झालं का कधी?"

मागाला कधीच काही झालं नव्हतं. माग बोटभर जाड बिडाचा असतो. इथल्या दोन सोनेरी रेघांमध्ये केसाएवढं अंतर होतं. ते चार थेंब वाळले, हळद-कुंकवातला चुना आणि क्षार खाचेत बसले, हिवाळाभर धातूला सावकाश खात राहिले आणि ऊन वाढल्यावर, धातू जरासा फुगल्यावर, जोड सुटायला लागला. ही संगती लावायला विश्वनाथला पाच मिनिटंही लागली नाहीत. बिघाड सापडला की जॉबरला एरवी जे बरं वाटतं, ते वाटलं नाही.

मग त्याला दुसरं आठवलं आणि तो उठला. त्याच खंडेनवमीला, घरची पूजा आटोपून, तेच ताट घेऊन तो यासीनशेठकडे गेला होता.

यासीन शिकलगारचं घर कारखान्याच्या मागेच होतं. दुपारची झोप काढून ते ओट्यावर बसले होते.

"काय जॉबर, आज वाट चुकलास?" ते म्हणाले. "महिना झाला तोंड दाखवून."

"मालक, यंत्र बघायचंय."

"माझं? त्याला काय धाड भरलीय? तुझ्यासारखंच हाय ते. कधी रजा न्हाई, कधी तक्रार न्हाई."

"एकदाही बंद पडलं नाही?"

"एकदाही न्हाई," यासीनशेठ अभिमानाने म्हणाले.

विश्वनाथला ते ऐकून जास्तच काळजी वाटली. तब्येत कशी आहे ते त्याने विचारलं. उत्तम आहे, म्हणाले. फक्त उठताना डोळ्यापुढे अंधारी येते, पण सत्तरीत अंधारी नाही येणार तर काय उजेड येणार. सून आतून म्हणाली, परवा मोरीत पडता पडता वाचले, सांगा की तेपण. यासीनशेठनी तिला गप्प केलं.

विश्वनाथने अवटी मॅडमना फोन लावला, झालेलं सगळं सांगितलं आणि यासीनशेठचा पंप तात्पुरता हॉस्पिटलच्या यंत्राला जोडून घेतला. मग झाकण उघडून खाचेत बॅटरीचा झोत टाकला. कोपऱ्यात गुंजेएवढा लाल ठिपका वाळून बसला होता. ताणा चढवून तपासणी लावली, तेव्हा चाळीस मिनिटांत पहिली चूक आली. संध्याकाळपर्यंत सात झाल्या. मॅडमनी फोनवरूनच मागच्या महिन्याचे आकडे बघितले आणि सांगितलं, क्षार घसरलेले आहेत, मात्रा चुकत होती, शेठना उद्या सकाळी घेऊन या. घाबरण्यासारखं नाही, पण अजून पंधरा दिवस गेले असते तर होतं.

यासीनशेठ सगळं ऐकत होते. कुणी त्यांना समजावून सांगण्याआधी त्यांना समजलं होतं. कारखानदार माणूस.

"म्हणजे पूजेनं झालं म्हण की," ते म्हणाले.

"माझ्या हातानं झालं."

"ताट मीच मागवलं हुतं. माझ्या मागांची पूजा तू केलीस तीस वर्षं. मीच म्हणालो, ह्याचीपण कर."

विश्वनाथ स्क्रू आवळत राहिला. थोड्या वेळाने यासीनशेठनी आवाज खाली आणला.

"मग जॉबर, वहिनींचं?"

"ते बघितलं नाही अजून."

"बघता येतं व्हय?"

बघता येत होतं. ते अवटी मॅडमनी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात सांगितलं. यासीनशेठना आत नेल्यावर त्या विश्वनाथला घेऊन बाकावर बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या. पंपाच्या पोटात एक चिप असते. पट्टीकडून आलेला प्रत्येक आकडा आणि दिलेला प्रत्येक थेंब तिच्यात महिनाभराचा साठलेला असतो. देहप्रत तुमच्याकडे आहे. चांगल्या यंत्रावर ती प्रत चढवायची, तेच आकडे तिला त्याच क्रमाने द्यायचे आणि त्यांचा शेवटचा दिवस पुन्हा चालवायचा. आम्ही त्याला रिप्ले म्हणतो. चांगलं यंत्र जी मात्रा सांगेल, तीच त्या दिवशी गेली असेल, तर यंत्राचा दोष नाही. वेगळी असेल, तर किती वेगळी, कधीपासून, सगळं दिसेल. चार तासांचं काम आहे.

"तुम्हाला पाहिजे असेल तरच," त्या म्हणाल्या. "नियमाने आम्हाला त्याची गरज नाही. बिघाड काय आहे ते तुम्ही शोधलंच आहे."

बिघाडाची सूचना त्यांनी त्याच आठवड्यात काढली. जिल्ह्यात घरची यंत्रं असलेली तीनशेवर घरं होती, सगळ्यांना कळवलं. यंत्राचं झाकण उघडून पूजा करू नये, हळद-कुंकू, पाणी, अक्षता आत जाऊ देऊ नयेत. पूजा केलेली आणखी नऊ यंत्रं निघाली. विश्वनाथने त्या घरी जाऊन खाचा धुऊन दिल्या. एका घरात म्हातारी त्याच्यावर चिडली. देवाचं कुंकू कधी कुणाला बाधलंय का, असं तिने विचारलं. विश्वनाथ म्हणाला, आजी, कुंकू चांगलंच आहे, लावणाऱ्याने जागा चुकवली.

हुपरीच्या बाईंचं यंत्र त्याने नव्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, नव्या खाचांसह जोडून दिलं. या वेळी चुका पकडणारी मेमरी मिळाली, तीही थांबावं न लागता. बहात्तर तास ते एका लयीत चाललं.

पंप मात्र निपाणीला होता. वैजयंताला नेण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी तो काढून राजशेखरच्या हातात दिला होता. विश्वनाथने फोन करून मागितला. राजशेखर म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणून देतो. पुढच्या आठवड्यात त्याच्या दुकानात माल यायचा होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात गाडी बिघडली. तसा तो टाळाटाळ करणारा माणूस नव्हता. बहिणीच्या सगळ्या दिवसांचं त्यानेच धावून केलं होतं. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा विश्वनाथने पंप कशासाठी पाहिजे ते त्याला नीट सांगितलं. राजशेखरने, येतो मी, एवढंच म्हणून फोन ठेवला.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी राजशेखर स्वतः आला. पंप प्लॅस्टिकच्या डबीत होता. डबी त्याने टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही. चहा झाला. मुलीच्या लग्नाची तारीख पुढे ढकलली हे सांगून झालं. मग तो खिडकीकडे बघत बोलायला लागला.

"दाजी, त्या दिवशी ताई सहालाच उठली हुती. गरगरतंय म्हणाली. मी म्हटलं, दाजींना फोन करतो, न्हाईतर डॉक्टरकडं जाऊया. ती म्हणाली, नको, त्यांना सांगितलंस तर धावत येतील, जरा पडते. मी म्हटलं बरं, पड. आणि दुकान उघडायला गेलो."

विश्वनाथने रिकामे कप बाजूला सारले.

"साडेआठला आलो. झोपली हुती. मला बरं वाटलं, झोप लागली म्हणून. उठवलं न्हाई. दहाला चहा घेऊन गेलो तर..." तो थांबला. "चार तास, दाजी. डॉक्टर गल्लीच्या तोंडाला हाय."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. विश्वनाथला सगळी मांडणी एकदम समोर दिसली. यंत्राने त्या सकाळी चुकीची मात्रा दिली असेल, तर वैजयंताला त्याच्या चार थेंबांनी नेलं. मात्रा बरोबर असेल, तर हृदय आपणहून थकत चाललं होतं, सहाला गरगरलं तीच त्याची सूचना होती आणि ते चार तास राजशेखरचे होते. चार तासांच्या आकडेमोडीत हे कळणार होतं. दोघांपैकी एकजण सुटणार होता.

"लावा तुम्ही ते," राजशेखर म्हणाला. "काय असंल ते कळू द्या. मला रात्रीची झोप न्हाई."

"आणि तुझं निघालं तर?"

"निघू दे."

"मग मी सुटलो म्हणून जेवायला बसू?"

राजशेखरचं बोट डबीच्या कडेवरून फिरत राहिलं.

"माझं निघालं तर तू काय करशील, राजू?"

"तुम्हाला काय बोलणार मी? तुम्ही तिच्यासाठी..." त्याने डबीवरचा हात काढला आणि तोंडावरून फिरवला. "मला वाटतंय, मी त्या दिवशी रडीन. आणि तुमच्याकडं यायचं मला जमायचं न्हाई परत. सुटलो असलो तरी."

"मलापण तसंच वाटतंय," विश्वनाथ म्हणाला.

दुपारी दोघं जेवले. विश्वनाथने भात केला होता, तो खाली लागला होता. राजशेखरने करपलेलं बाजूला सारून दोनदा वाढून घेतला आणि ताईने तुम्हाला एवढंसुद्धा शिकवलं नाही, असं म्हणाला. विश्वनाथ म्हणाला, शिकवत होती, मी यंत्र उघडून बसायचो. निघताना राजशेखर टेबलाकडे न बघता बाहेर पडला. डबी तिथेच राहिली.

त्यानंतर विश्वनाथने आणखी एक यंत्र जोडलं. कुणासाठी ते त्याने अवटी मॅडमना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ते बहात्तर तास चाललं. त्याने पुन्हा बहात्तर तास लावले, दुपारच्या उकाड्यात, पूर्ण ताणा चढवून. मग तिसऱ्यांदा. एकही चूक आली नाही. आता त्या यंत्रात संशय घेण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तो कुठल्याही जॉबरला छातीठोकपणे सांगेल.

यासीनशेठची अंधारी थांबली आहे. ते दर शुक्रवारी नमाजानंतर येऊन बसतात आणि विश्वनाथच्या चहाला नावं ठेवतात. राजशेखर रविवारी फोन करतो. जेवण झालं का विचारतो, मुलीचं सांगतो, पावसाआधी एकदा येऊन जा म्हणतो. त्या गोष्टीचं तो काढत नाही, विश्वनाथही काढत नाही. डिस्क आणि पंप दोन्ही यंत्राशेजारी ठेवलेले आहेत. वायर जोडलेली आहे.

वैजयंताचा शेवटचा दिवस पुन्हा चालवून बघायचा अजून राहिला आहे.